‘ड्रिफ्ट’ : ढकलतंय कोण, ते आधी बघा

प्रश्न : मी दोन वर्षांपासून इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं घेते. एका एजन्सीच्या शब्दसूचीत ‘ड्रिफ्ट’पुढे ‘अपवहन’ एवढा एकच शब्द आहे. तो नाही वापरला की सॉफ्टवेअर लाल खूण दाखवतं. म्हणून तणनाशकाच्या माहितीपत्रकात मी ‘फवारणीचे अपवहन टाळा’ लिहिलं आणि इमारतीच्या भूकंपविषयक अहवालात ‘मजल्याचे अपवहन’. दोन्ही मजकूर ‘समजत नाही’ असा शेरा मारून परत आले. मग सगळीकडे ‘वाहणे’ केलं, तेही परत. आता एका कथेचं काम आलंय. त्यात दोन मैत्रिणी ‘ड्रिफ्ट अपार्ट’ होतात आणि नायकाचा भाऊ ‘ड्रिफ्टर’ आहे. या शब्दाला नेमका मराठी शब्द कोणता? शब्दसूचीत काय लिहू?
ता. क. इतिहासाच्या एका लेखात ‘रॉर्क्स ड्रिफ्ट’ आलंय. त्याचं काय करायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एकच शब्द मिळणार नाही. कोणी दिलाच, तर तो दहापैकी आठ ठिकाणी चुकेल. तुमच्या सूचीतलं ‘अपवहन’ भूगोलाच्या पुस्तकात चालून जातं. घोटाळा झाला तो त्याला शेतात आणि बांधकामावर पाठवल्यामुळे.

हा शब्द आला कुठून ते आधी पाहू, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. ‘गिव्ह’वरून ‘गिफ्ट’, ‘थ्राइव्ह’वरून ‘थ्रिफ्ट’, तसा ‘ड्राइव्ह’वरून ‘ड्रिफ्ट’. ड्राइव्ह म्हणजे मोटार चालवणं हे फार नंतरचं. त्याच्या कितीतरी आधी माणसं गुरं हाकत होती. आपलं ‘हाकणे’ अगदी त्याच वाटेने आलंय. ढोरं हाकतात, बैलगाडी हाकतात, कारभारही हाकतात. तेव्हा ड्रिफ्ट म्हणजे मुळात हाकलं जाणं. शब्दकोशात ‘उद्देशहीन फिरणे’ असा अर्थ दिसतो. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. जे फिरतंय त्याला उद्देश नसतो. मागून ढकलणारा वारा, पाण्याची ओढ किंवा भूकंपाचा धक्का मात्र बहुतेक वेळा असतोच.

म्हणून वाक्य समोर आलं की तीन गोष्टी विचारा. ढकलतंय कोण? मूळची जागा किंवा वाट कुठली, जी सुटली? आणि शेवटी हाती काय उरतं : जागा बदलली, ढीग साचला, की नुसतं अंतर पडलं? उत्तरं मिळाली की नाम शोधू नका, क्रियापद शोधा. इंग्रजीचं काम नामावर भागतं; मराठीत तेच नाम ठेवलं की वाक्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

तणनाशकाचं माहितीपत्रक घ्या. इथे ढकलणारा वारा, सुटलेली जागा म्हणजे आपलं शेत, आणि शेवटी उरतं ते शेजाऱ्याचं नुकसान. शेतकरी तणनाशकालाही ‘औषध’च म्हणतो. वाक्य असं होतं : ‘वाऱ्याने औषध उडून शेजारच्या पिकावर जाणार नाही, याची काळजी घ्या.’ अपवहन नाही, वाहणंही नाही. ‘फवारणी वाहणे’ वाचून माणसाला वाटेल की औषध पानांवरून ओघळून मातीत जातंय, आणि तो वेगळाच दोष आहे.

या विषयात एक बारीक सापळा आहे. इंग्रजी पत्रकात दोन प्रकारचे ड्रिफ्ट असतात. एकात फवारतानाच बारीक थेंब वाऱ्याबरोबर जातात. साधारण १५० मायक्रॉनपेक्षा बारीक थेंबांना हा धोका जास्त, म्हणून जाड थेंबांचं नोझल, कमी दाब, नोझल पिकापासून फार उंच न धरणं आणि पंपाला हूड लावणं हे उपाय दिलेले असतात. दुसऱ्यात फवारणी नीट झालेली असते, पण नंतर उन्हात औषधाची वाफ होते आणि ती वाफ पुढे जाते. २,४-डी या तणनाशकाच्या एस्टर प्रकारात हा त्रास जास्त. मराठीत दोन्हीला ‘उडणे’च म्हणता येतं. पाखरू उडतं आणि कापूरही उडतो. त्यामुळे नुसतं ‘औषध उडून जाते’ लिहिलंत तर दुसऱ्या प्रकारची सूचना पहिल्यात विरघळते. शेतकरी म्हणेल, ‘वारा नव्हता, मग कसं उडालं?’ म्हणून एका ठिकाणी ‘थेंब वाऱ्याने उडून’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उन्हात वाफ होऊन’ असं फोडून लिहा. कपाशी आणि द्राक्ष ही दोन पिकं २,४-डीला फार हळवी आहेत. अंश लागला तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, लांबुडकी होतात. पत्रकात या खुणेचं वर्णन असेल तर ‘पर्णविकृती’ लिहून थांबू नका, भेंडीचं नाव घ्या.

आणखी एक. पत्रकात वाऱ्याचा वेग मैलांत असेल तर आकडाही बदला. ताशी १० मैल म्हणजे ताशी १६ किलोमीटर. फक्त एकक बदलून ‘ताशी १० किलोमीटर’ झालेली पत्रकं सर्रास दिसतात. तसंच ‘वारा अजिबात नसताना फवारा’ असं स्वतःहून घालू नका. पहाटे हवा अगदी पडलेली असते, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि बारीक थेंब त्यात तरंगत राहून सावकाश भलतीकडे सरकतात. म्हणूनच चांगल्या पत्रकात वाऱ्याची कमाल मर्यादा असते तशी किमानही असते. ती गाळू नका.

आता इमारत. इथला ‘ड्रिफ्ट’ म्हणजे भूकंपात किंवा वाऱ्यात एखादा मजला त्याच्या लगेच खालच्या मजल्याच्या तुलनेत आडवा किती सरकतो ते. ‘तुलनेत’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. दहावा मजला जमिनीच्या तुलनेत ६० मिलिमीटर सरकला, तर ते एकूण विस्थापन. दहावा नवव्याच्या तुलनेत किती सरकला, तो ड्रिफ्ट. भारतीय मानक आयएस १८९३च्या भाग १मध्ये त्याची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट दिली आहे. मजला ३ मीटर उंच असेल तर १२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटाच्या जाडीएवढं. त्यापुढे गेलं की भिंतींना तिरक्या भेगा, खिडक्यांच्या काचांना तडे आणि खांबांवर जादा ताण. ‘मजल्याचे अपवहन’ वाचून इमारत पुरात गेली असं वाटलं, तर त्यात वाचकाची चूक नाही. अभियंते बोलताना ‘स्टोरी ड्रिफ्ट’च म्हणतात. तुम्हीही तेच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला सांगून टाका : ‘स्टोरी ड्रिफ्ट, म्हणजे एका मजल्याचे खालच्या मजल्याच्या तुलनेत आडवे सरकणे’. आणि यंत्राने केलेलं भाषांतर तपासायला आलं असेल तर ‘स्टोरी’ची ‘कथा’ झालेली नाही ना, तेही बघा.

शाळेच्या पुस्तकातला ड्रिफ्ट त्या मानाने सरळ. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली खंड सरकतात ही कल्पना मांडली, तेव्हा त्याने जर्मनमध्ये वापरलेला शब्द ‘सरकणे, जागा बदलणे’ याच अर्थाचा होता. इंग्रजीत त्याचा ‘ड्रिफ्ट’ झाला आणि मराठीत तो ‘खंडवहन’ किंवा ‘अपवहन’ म्हणून आला. ही नावं रुळलेली आहेत, बदलू नका. पण खालच्या ओळींत क्रियापद ‘सरकणे’च घ्या. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. ‘वाहतो’ लिहिलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तराफा येतो. तांब्याच्या तारेतल्या इलेक्ट्रॉनचा ड्रिफ्टही असाच सावकाश. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत १ अँपिअर प्रवाह असेल तर सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर, म्हणजे एक मीटर जायला पावणेचार तासांहून जास्त. इथे ‘अपवाह वेग’ अशी संज्ञा दिसते, पण भूगोलाच्या हिंदी पुस्तकांत ‘अपवाह’ म्हणजे नद्यांची जलप्रणाली. हिंदीवरून आलेल्या मसुद्यात ही अदलाबदल हमखास सापडते. विषय बघितल्याशिवाय शब्द उचलू नका.

जनुकांचा ड्रिफ्ट मात्र अपवाद आहे. त्यात ढकलणारा कोणीच नाही. असतो तो नुसता योगायोग, आणि लोकसंख्या जितकी लहान तितका त्याचा जोर मोठा. नाणं दहा वेळा उडवलं तर सात-तीन किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण तीनांत एकदा लागतो. हजार वेळा उडवलं तर सातशे-तीनशे जवळजवळ कधीच लागत नाही. लहान गटात एखादा जनुकप्रकार कुठल्याही फायद्यातोट्याविना नाहीसा होतो किंवा सगळीकडे होतो, तो असा. ‘जनुकीय विचलन’ लिहिता येईल, पण संख्याशास्त्रातलं ‘प्रमाण विचलन’ त्याच पानावर असलं तर गोंधळ होणार. तिथे ‘योगायोगाने होणारा जनुकीय बदल’ असं लांबलचक लिहायला कचरू नका. फ्लूच्या विषाणूबद्दल ‘ड्रिफ्ट’ आणि ‘शिफ्ट’ अशी जोडी येते. दोन्हीला ‘बदल’ लिहिलंत तर अख्खा परिच्छेद गेला. पहिल्याला ‘बारीकसारीक साचत जाणारे बदल’ आणि दुसऱ्याला ‘एकदम पालट’ म्हणा. दरवर्षी लस बदलावी लागते ती मुख्यतः पहिल्यामुळे. २००९ची स्वाइन फ्लूची साथ दुसऱ्या प्रकारातली.

मोजमापाच्या उपकरणांत ड्रिफ्ट म्हणजे काळ किंवा तापमानाबरोबर मोजमाप हळूहळू ढळणं. घड्याळाला तर शब्द शोधायचीही गरज नाही. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद ‘पुढे जातं’ किंवा ‘मागे पडतं’. ‘घड्याळाचे अपवहन’ कृपया नको. वजनकाट्याला ‘शून्य सरकलं’ म्हणा.

समुद्रावर जरा जपून. नौकानयनात ‘सेट’ म्हणजे प्रवाहाची दिशा आणि ‘ड्रिफ्ट’ म्हणजे त्याचा वेग. ‘ड्रिफ्ट २ नॉट’ याचं भाषांतर ‘प्रवाहाचा वेग २ नॉट’ एवढंच. त्यात कोणी भरकटत नाही. विमानालाही आडवा वारा बाजूला सारतो. ताशी ६०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ६०चा आडवा वारा असेल तर मार्ग साधारण ६ अंशांनी सरकतो, आणि वैमानिक तेवढं नाक वाऱ्याकडे वळवून ठेवतो. ‘विमान भरकटले’ ही बातमी आहे, हा रोजचा हिशेब. ‘ड्रिफ्ट नेट’ म्हणजे न बांधलेलं, प्रवाहाबरोबर जाणारं जाळं. कोकणातली डोल खुंटांना बांधलेली असते आणि रापण किनाऱ्यावर ओढतात, त्यामुळे यातलं कुठलंच नाव त्याला लावू नका. ‘प्रवाहाबरोबर सोडलेलं जाळं’ लिहा. खाणीतला ‘ड्रिफ्ट’ हा आडवा बोगदा. इंग्रजीत बोगदाही ‘ड्राइव्ह’च करतात, म्हणून तो शब्द. आणि भूशास्त्रातला ‘ग्लेशियल ड्रिफ्ट’ म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला सगळा गाळ-दगडगोटा. त्याला ‘हिमोढ’ म्हणू नका, हिमोढ हा त्याचा एक भाग. बर्फाचा ‘स्नो ड्रिफ्ट’ म्हणजे वाऱ्याने साचलेला ढीग. इथे हालचाल संपलेली असते, ढीग तेवढा उरतो.

आता तुमची कथा, आणि इथे आपली भाषा खरी श्रीमंत आहे. ‘वाहणे’च्या कुटुंबातले शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पानं पाण्यावर वाहतात. पुरात ओंडका वाहून जातो. माणूस मात्र ‘वाहवत’ जातो. त्यात स्वतःला आवरायला हवं होतं, ते जमलं नाही, असा ठपका आहे. ‘संगतीने वाहवत गेला’ हे ‘ड्रिफ्टेड इन्टू क्राइम’ला चपखल. ‘भरकटणे’ला आधी एक वाट लागते. होडी भरकटते, चर्चा भरकटते. ढग भरकटत नाही, त्याला कुठे जायचंच नव्हतं. ‘तरंगणे’त जागा बदलायची गरज नाही, आणि ‘हेलकावे खाणे’त तर माणूस होता तिथेच राहतो.

आणि मराठीकडे ड्रिफ्टसाठी जे सगळ्यात उपयोगी आहे, ते शब्दकोशात ‘ड्रिफ्ट’पुढे सापडणार नाही. ते म्हणजे धातूला ‘-त’ लावून पुढे ‘जाणे’. कमी होत गेलं, लांब होत गेल्या, सरकत गेलं. त्यात सावकाशपणाही आला आणि करणाऱ्याचा हात नसणंही आलं. म्हणून मैत्रिणींसाठी ‘दुरावल्या’ लिहिण्याआधी थांबा. ‘दुरावा’ म्हटलं की आत कुठेतरी दुखावलेलं काहीतरी असतं, आणि ड्रिफ्ट अपार्टमध्ये भांडण नसतं. आधी दर रविवारी फोन, मग सणावाराला, मग वाढदिवसाचा नुसता मेसेज. ‘दोघींचं बोलणं कमी होत गेलं’ किंवा ‘दोघी आपापल्या संसारात लांब होत गेल्या’. कथेत पुढे भांडण झालेलं निघालं, तर तेव्हा ‘दुरावा’ आणा.

‘ड्रिफ्टर’ला ‘भटक्या’ लिहू नका. महाराष्ट्रात ‘भटके’ म्हटलं की भटक्या-विमुक्त समाजांचा संदर्भ येतो आणि तो इथे अस्थानी आहे. ‘फिरस्ता’ला जरा कौतुकाचा वास आहे, ‘उडाणटप्पू’त शिवी आहे. लेखकाला त्या भावाबद्दल माया आहे का, की वैताग, ते बघून निवडा. तटस्थ हवं असेल तर ‘तो कुठेच टिकला नाही’ हे एक वाक्य नामापेक्षा बरं. बाकीचे फुटकळ : ‘ड्रिफ्टेड ऑफ टू स्लीप’ म्हणजे ‘डोळा लागला’. खिडकीतून फोडणीचा वास ‘आला’, ‘तरंगत आला’ नव्हे. ‘डू यू गेट माय ड्रिफ्ट’ला ‘माझ्या बोलण्याचा रोख कळला का’. बोलणं कुठे हाकलं जातंय ते म्हणजे रोख, तेव्हा तोही अर्थ मूळच्या हाकण्यातूनच आला.

शब्दसूचीचं काम असं करा. ‘ड्रिफ्ट’ हा सुटा शब्द काढून टाका आणि जोडशब्दांच्या वेगळ्या नोंदी करा : ‘स्प्रे ड्रिफ्ट’, ‘स्टोरी ड्रिफ्ट’, ‘जेनेटिक ड्रिफ्ट’, ‘झीरो ड्रिफ्ट’. प्रत्येकीपुढे विषय आणि एक पूर्ण मराठी वाक्य. संज्ञेसाठी भाषा संचालनालयाचा त्या विषयाचा परिभाषा कोश आधी बघा. शेतकऱ्यासाठीच्या मजकुरात मात्र कोशातला शब्द वाक्यात बसला नाही तर सोडून द्या. सुटा ‘ड्रिफ्ट’ ठेवायचाच असा एजन्सीचा हट्ट असेल, तर प्रतिशब्दाच्या रकान्यात शब्द न देता ‘संदर्भानुसार’ लिहा आणि ती नोंद तपासणीतून वगळायला सांगा.

लाल खुणेचं दुसरंही कारण असतं. बरीच सॉफ्टवेअर अक्षर न् अक्षर जुळवून बघतात. सूचीत ‘सरकणे’ असेल आणि तुम्ही ‘सरकतो’ किंवा ‘सरकण्याची’ लिहिलं, तर शब्द बरोबर असूनही खूण येते. अंशतः जुळणी चालू करता येत असेल तर ती करा आणि नोंदीत शेपूट नसलेलं ‘सरक’ टाका. उरलेल्या खुणांना एक ओळीचा शेरा द्या, ‘संदर्भ : शेती, क्रियापदरूप वापरले’. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर हा शेरा इंग्रजीत द्या.

‘रॉर्क्स ड्रिफ्ट’चं भाषांतर करायचं नाही, ते एका ठिकाणाचं नाव आहे. डच भाषेतून दक्षिण आफ्रिकेत ‘ड्रिफ्ट’ म्हणजे नदी पायी किंवा गाडीने ओलांडता येते ती उथळ जागा, जिथून गुरं पलीकडे हाकत. आपल्याकडे त्याला ‘उतार’ म्हणतात. जेम्स रॉर्क नावाच्या व्यापाऱ्याचं ठाणं तिथे होतं, म्हणून हे नाव. २२-२३ जानेवारी १८७९ला ब्रिटिश आणि झुलू यांची लढाई तिथे झाली. पहिल्या उल्लेखाला ‘बफेलो नदीच्या उताराजवळचं रॉर्क्स ड्रिफ्ट हे ठाणं’ असं लिहा, पुढे नुसतं ‘रॉर्क्स ड्रिफ्ट’. ‘नदीच्या’ हा शब्द मात्र गाळू नका, नाहीतर वाचक डोंगराचा उतार समजेल.